एनएसई-बीएसईवरचे ‘इनसायडर ट्रेडिंग’ पान: गोव्यातल्या भागधारकासाठी परीक्षण

एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर ‘इनसायडर ट्रेडिंग’ नावाचे एक पान आहे. त्याला नोंदणी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. कंपनीचे प्रवर्तक (तिचे मूळ चालक-मालक), संचालक आणि ठरावीक वरिष्ठ कर्मचारी आपल्याच कंपनीचे शेअर कधी घेतात, कधी विकतात, ते तिथे नावानिशी वाचता येते. गोव्यात डेम्पोंच्या गोवा कार्बनचे, सत्तरीतल्या ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवाचे किंवा झुआरी समूहाचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ‘आतल्या माणसांनी विकायला सुरुवात केली म्हणे’ अशी कुजबूज त्यांच्या कानावर येतच असते. ती खरी की खोटी, हे या पानावर बऱ्याचदा पाच मिनिटांत तपासता येते.

आमचे मत आधीच सांगतो. सेवा उत्तम आहे आणि विकतच्या कोणत्याही ‘टिप’पेक्षा विश्वासार्ह आहे, पण वाचायची पद्धत माहीत नसेल तर फसवीही आहे. निम्म्याहून अधिक गैरसमज पानाच्या नावातूनच सुरू होतात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करू.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंग प्रतिबंधाचे सध्याचे नियम २०१५ सालचे आहेत. १५ मे २०१५ पासून ते लागू झाले आणि १९९२ चे जुने नियम रद्द झाले. गुन्हा आहे तो एवढाच: जाहीर न झालेली आणि जाहीर झाल्यावर शेअरचा भाव ठळकपणे हलवू शकेल अशी माहिती हाताशी असताना त्या शेअरचा व्यवहार करणे, किंवा कामाच्या कायदेशीर गरजेशिवाय ती माहिती दुसऱ्याला पुरवणे. अशी माहिती जवळ नसताना, ठरलेल्या काळात, कंपनीची परवानगी घेऊन संचालकाने शेअर घेतले तर त्यात काहीच गैर नाही. पानावर दिसतात ते बहुतेक असे कळवलेले, कायदेशीर व्यवहार. बेकायदा व्यवहार करणारा स्वतःहून अर्ज भरायला येत नाही. त्यामुळे ‘अमक्याचे नाव इनसायडर ट्रेडिंगमध्ये आले’ असा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरू लागला तर त्यावरून कोणाला आरोपी ठरवू नये.

‘इनसायडर’ म्हणजे फक्त संचालक, असेही नाही. कंपनीशी संबंधित व्यक्ती तर आतली असतेच. शिवाय अशी माहिती ज्याच्या हाती आहे किंवा ज्याला ती सहज मिळू शकते, तो कोणीही आतला ठरतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा लेखापरीक्षक, कर्ज मंजूर करणारा बँक अधिकारी, अहवाल छापणारा मुद्रक आणि निकालाचे आकडे ज्याच्यासमोर फोनवर बोलले गेले तो चालक, सगळेच त्यात आले. सेबीने मार्च २०२५ मध्ये या माहितीची यादी वाढवली आणि ती १० जून २०२५ पासून लागू झाली. तिमाही निकाल, लाभांश, भांडवलातले बदल आणि विलीनीकरण हे आधीपासून होतेच. आता पतमानांकनातला बदल, नेहमीच्या धंद्याबाहेरच्या मोठ्या कंत्राटाचे मिळणे वा जाणे, घोटाळा, कर्जफेडीतली चूक, तसेच महत्त्वाचे परवाने मिळणे, निलंबित होणे किंवा रद्द होणे हेही स्पष्टपणे आले. शेवटची बाब गोव्यासाठी मोठी आहे. खाणपट्टा, मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोचा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांच्या फायली पणजीतल्या सरकारी टेबलांवरून फिरतात. ज्या कंपनीचा धंदाच त्या परवान्यावर उभा आहे, तिची फाईल नामंजूर होणार हे आदेश निघण्यापूर्वी ज्याला कळले, तो त्या क्षणापुरता आतला माणूस झाला, मग तो कंपनीच्या पगारावर असो वा नसो.

आता पान वापरायचे कसे ते पाहू. एनएसईवर कंपन्यांच्या ‘कॉर्पोरेट फायलिंग्ज’ विभागात ‘इनसायडर ट्रेडिंग’ निवडायचे, कंपनीचे नाव टाकायचे आणि कालावधी ठरवायचा. एक दिवसापासून एक वर्षापर्यंतचे तयार पर्याय आहेत, हव्या त्या तारखाही देता येतात. तक्ता सीएसव्ही फाईलमध्ये (एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये उघडते ती) उतरवून घेता येतो आणि तो घ्यावाच, कारण रकाने इतके आहेत की मोबाईलच्या पडद्यावर अर्धे दिसतच नाहीत. बीएसईवर कंपनीच्या शेअरच्या पानावर ‘डिस्क्लोजर्स’मध्ये हाच विषय सापडतो. एका कंपनीचा जुना इतिहास पाहायला आम्हाला बीएसई सोयीचे वाटते, तर अनेक कंपन्यांवर एकदम नजर टाकायला एनएसई.

शोधताना गोव्यातले लोक दोन ठिकाणी हमखास अडकतात. ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवाचा शेअर बीएसईवर आहे; एनएसईवर शोधून ‘काहीच व्यवहार नाहीत’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. दुसरे म्हणजे ‘सेसा गोवा’ या नावाने शोधणे. विलीनीकरणानंतर २०१३ साली ती सेसा स्टरलाईट झाली आणि २०१५ साली वेदान्त. जुने प्रमाणपत्र घरच्या कपाटात असले तरी पानावर वेदान्तच शोधावे लागते. कारखाना गोव्यात असला म्हणून कंपनीच्या नोंदी वेगळ्या होत नाहीत, हेही लक्षात असू द्या: उसगावात एमआरएफचे टायर बनतात, पण तिचे प्रवर्तक काय करतात ते एमआरएफच्या एकाच पानावर दिसते.

एक ओळ कशी वाचायची, ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. व्यक्तीचा वर्ग: संचालक. व्यवहारापूर्वीची धारणा (म्हणजे हाती असलेले शेअर): १,२०,००० शेअर, ०.६० टक्के. घेतलेले: ३,०००. मूल्य: १५,००,००० रुपये. नंतरची धारणा: १,२३,००० शेअर, ०.६१५ टक्के. प्रकार: बाजारातून खरेदी. सर्वांत आधी मूल्याला संख्येने भागा. इथे भाव ५०० रुपये येतो. तो त्या दिवसाच्या नीचांक-उच्चांकाच्या पट्ट्यात बसतो का, ते तपासा. बसत नसेल तर बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असते: व्यवहार बाजाराबाहेर झालेला असतो, किंवा अर्ज भरताना एखादे शून्य जास्त पडलेले असते. हे अर्ज कंपनीतली माणसेच भरतात आणि चुका होतात. दुरुस्तीचा अर्ज आला की तोच व्यवहार दोनदा दिसू शकतो आणि बेरीज करणारा फसतो. म्हणून आधीची धारणा अधिक खरेदी बरोबर नंतरची धारणा हे गणित प्रत्येक ओळीत जुळवून घ्या आणि एका ओळीची शेवटची धारणा पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या धारणेशी ताडून पाहा. मध्ये तफावत दिसली तर काही व्यवहार पानाबाहेर राहिलेले आहेत.

ते बाहेर राहण्याचे कायदेशीर कारण असते. प्रवर्तक, प्रवर्तक गटातली व्यक्ती, संचालक किंवा नियुक्त कर्मचारी (आतली माहिती हाताळतात म्हणून कंपनीने यादीत घातलेले; नियमांत ‘नियुक्त व्यक्ती’) यांच्या एका कॅलेंडर तिमाहीतल्या व्यवहारांचे एकूण मूल्य १० लाख रुपयांच्या वर गेले, तरच ते कळवणे बंधनकारक आहे. भाव ५०० रुपये असेल तर २,००० शेअरचा व्यवहार बरोबर १० लाखांचा होतो आणि तो सीमेच्या आत राहतो. आणखी एक शेअर घेतला की सीमा ओलांडली जाते. म्हणून रिकाम्या पानावरून ‘आतल्यांनी काहीच केले नाही’ असे समजू नये. बऱ्याचदा त्याचा अर्थ इतकाच की कोणी तिमाहीत १० लाखांच्या वर गेले नाही.

वेळेचाही हिशोब ठेवा. व्यक्तीने कंपनीला कळवायला २ व्यवहार-दिवस आणि कंपनीने बाजाराला कळवायला आणखी २ व्यवहार-दिवस. गुरुवारी झालेला सौदा सोमवारपर्यंत कंपनीकडे आणि बुधवारपर्यंत बाजाराकडे आला तरी तो मुदतीतच असतो. मध्ये सुटी आली तर आणखी उशीर. त्यामुळे ‘आज संचालकाने घेतले, उद्या आपण घेऊ’ अशा घाईच्या खेळासाठी हे पान निरुपयोगी आहे आणि तसे ते वापरूही नये. प्रवर्तक किंवा संचालक गटाच्या अनेक महिन्यांच्या वागणुकीचा कल पाहणे, हाच त्याचा खरा उपयोग.

आणखी एक गुंता आहे. डिपॉझिटरीच्या (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदींतून आपोआप जाहीर होणारी माहिती ही वेगळी यंत्रणा आहे, आणि ती नीट राबवणाऱ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२१ पासून हाताने अर्ज भरण्याची सक्ती राहिलेली नाही. या यंत्रणेचा आधार म्हणजे कंपनीने दिलेले पॅन क्रमांक. नवा संचालक आला आणि त्याचा पॅन यादीत वेळेवर चढला नाही, तर त्याचे व्यवहार यंत्रणेला दिसत नाहीत. म्हणून हाताने भरलेले अर्ज आणि आपोआप आलेल्या नोंदी दोन्ही पाहाव्यात, आणि तिमाही संपल्यावर भागधारणेचा तक्ता उघडून प्रवर्तकांची टक्केवारी ताडून घ्यावी. हा तक्ता तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत येतो. पानाची सर्वांत चांगली उलटतपासणी तीच.

सर्वांत जास्त लक्ष ‘व्यवहाराचा प्रकार’ या रकान्याला द्या. बाजारातून खरेदी म्हणजे माणसाने स्वतःचे रोख पैसे चालू भावाने घातले. सर्वांत बोलका प्रकार हाच. बाजारातून विक्रीचा अर्थ त्या मानाने कमी लागतो, कारण घर, लग्न, कर, कर्ज अशी विकण्याची कारणे शंभर असतात. ईसॉपखाली (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देण्याच्या योजनेखाली) मिळालेले शेअर ही पगाराचीच एक शाखा आहे. ‘मोठी खरेदी’ म्हणून ती मिरवली जाते, तशी ती नसते. त्यानंतर काही शेअर विकले गेले तर बऱ्याचदा कर भरण्यासाठी. प्रवर्तकांच्या आपसातल्या हस्तांतरणात आणि बक्षीसपत्रात एका नावावरून शेअर उतरतात आणि दुसऱ्या नावावर चढतात. गटाची एकूण धारणा तेवढीच राहते. त्यातली फक्त उतरलेली ओळ दाखवून ‘प्रवर्तक पळाले’ अशी ओरड करणारे संदेश आम्ही अनेकदा पाहतो. तारण हा प्रकार मात्र गांभीर्याने घ्या. तारण ठेवणे ही पहिली पायरी, तारण सोडवणे ही चांगली खूण, आणि सावकाराने तारण जप्त करणे ही धोक्याची घंटा, कारण त्यानंतरची विक्री सावकाराच्या हातात असते.

आता पानाचा जो उपयोग फार थोडे लोक करतात, त्याबद्दल. तिमाही संपली की कंपनीच्या नियुक्त व्यक्तींसाठी व्यवहाराची खिडकी, म्हणजे शेअर घ्या-विकायला मोकळा असलेला काळ, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांनी उघडते. समजा जून तिमाहीचे निकाल ८ ऑगस्टला दुपारी ४ वाजता आले, तर १ जुलैपासून १० ऑगस्टच्या दुपारी ४ वाजेपर्यंत खिडकी बंद. कंपनीच्या घोषणांमधून निकालाची वेळ घ्यायची आणि ती व्यवहाराच्या तारखेशी ताडायची. या काळात ‘बाजारातून खरेदी’ किंवा ‘बाजारातून विक्री’ दिसली तर प्रश्न विचारायला जागा आहे. पण घाई नको. ईसॉपचा हक्क बजावणे, हक्कभाग (कंपनीने आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर) घेणे, पूर्वपरवानगीने खऱ्या गरजेसाठी तारण ठेवणे, सारखीच माहिती असलेल्या दोन आतल्या माणसांमधले बाजाराबाहेरचे हस्तांतरण, आधी जाहीर केलेल्या ट्रेडिंग प्लॅनप्रमाणे (पुढच्या व्यवहारांच्या आगाऊ आराखड्याप्रमाणे) झालेला सौदा, यांना नियमांतच सूट आहे. ट्रेडिंग प्लॅन जाहीर झाल्यापासून १२० दिवस उलटल्याशिवाय त्यातला व्यवहार सुरू करता येत नाही. पूर्वी ही मुदत ६ महिने होती.

दुसरी तपासणी उलट सौद्याची. नियुक्त व्यक्तीने शेअर घेतल्यापासून ६ महिन्यांत विकले, किंवा विकल्यापासून ६ महिन्यांत परत घेतले, तर होणारा नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत जमा करावा लागतो. सीएसव्ही फाईल नावाप्रमाणे लावून मग तारखेप्रमाणे लावली की हे दिसते. अलीकडे अशा चुका कमी होतात, कारण खिडकी बंद असताना नियुक्त व्यक्तींचा पॅन त्या शेअरपुरता डिपॉझिटरीच्या पातळीवरच गोठवला जातो.

नातेवाइकांचा मुद्दा गोव्यात वेगळाच गुंतागुंतीचा होतो. इथे नागरी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायदा अशा जोडप्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे वाटतो. म्हणून कंपनीत काम करणाऱ्या नवऱ्याला वाटते की बायकोच्या डीमॅट खात्यातला सौदा तिच्या विवरणपत्रात अर्धा दाखवला की प्रश्न मिटला. सेबीच्या नियमांचा या वाटणीशी काहीही संबंध नाही. जोडीदार हा जवळचा नातेवाईकच मानला जातो. नियुक्त व्यक्तीने द्यायच्या प्रकटीकरणात त्याचे व्यवहारही धरले जातात, बंद खिडकीचे आणि पूर्वपरवानगीचे बंधन त्यालाही लागू असते. पूर्वपरवानगी मिळाली की सौदा ७ व्यवहार-दिवसांत करायचा. नाही जमला तर परवानगी पुन्हा घ्यायची. नियमभंगाची सर्वांत साधी वाट हीच असते: परवानगी नवऱ्याच्या नावावर, सौदा बायकोच्या खात्यात, आणि तोही आठव्या दिवशी. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ‘संबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत नातेवाइकांचे वर्तुळ आणखी मोठे केले आणि त्याच घरात राहणाऱ्यालाही त्यात आणले. एकत्र कुटुंबांच्या गोव्यात हे विसरून चालणार नाही.

मात्र नाते आहे म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. बलराम गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हेच सांगितले: माहिती पोहोचवल्याचा ठोस पुरावा हवा, केवळ नाते आणि सौद्यांचा नमुना पुरेसा नाही. पुराव्याचा भार कोणावर, हेही नियमांत दिले आहे. कंपनीशी संबंधित व्यक्तीने माहिती आपल्याकडे नव्हती हे स्वतः दाखवायचे. बाकीच्यांच्या बाबतीत ती त्यांच्याकडे होती हे सेबीने दाखवायचे. दोष ठरला तर दंड किमान १० लाख रुपये आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतला जो जास्त असेल तो. फौजदारी खटल्यात १० वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते.

या पानात आम्हाला खटकणाऱ्या गोष्टी मोजक्या पण खऱ्या आहेत. तक्ते इंग्रजीत आहेत आणि प्रकारांची नावे बोजड आहेत, त्यामुळे फोंडा-डिचोलीतल्या निवृत्त शिक्षकाला ती कोणीतरी समजावून द्यावी लागतात. एका सौद्याला बंद खिडकीची सूट होती की नव्हती, हे तिथे थेट दिसत नाही. वाचणाऱ्यानेच घोषणा आणि तारखा जुळवाव्या लागतात. कोणत्या पदावरचा माणूस आहे तेही नेहमी कळत नाही, ‘नियुक्त व्यक्ती’ एवढेच लिहिलेले असते. मग वार्षिक अहवालात नाव शोधायचे.

तरीही पर्याय काय आहे ते पाहा. टेलिग्रामवर महिन्याला पैसे घेऊन ‘आतली खबर’ विकणारे गट गोव्यातही पोहोचले आहेत. त्यांची खबर खोटी असेल तर पैसे बुडतात. खरी असेल तर ती वापरणारा स्वतःच इनसायडर ठरतो. असा गट चालवणाऱ्याला पहिला प्रश्न सेबीच्या नोंदणी क्रमांकाचा विचारावा: संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए अक्षरांनी. तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी खरी असली तरी जाहीर न झालेली माहिती विकण्याचा परवाना कोणालाच मिळत नाही.

पानावरच्या नोंदींत खरोखर काही संशयास्पद सापडले, तर कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला (नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्याला) तारीख, नाव आणि ओळीचा तपशील देऊन ईमेलने विचारा. त्याचा पत्ता वार्षिक अहवालात असतो. आपल्या शेअरबाबत कंपनीविरुद्ध गाऱ्हाणे असेल तर सेबीचे स्कोअर्स हे तक्रारींचे पोर्टल आहे. माहिती फुटल्याचा पहिल्या हाताचा पुरावाच जवळ असेल, तर २०१९ च्या शेवटी सुरू झालेली माहितगार योजना वापरावी. तिच्यात ठरलेल्या नमुन्याचा अर्ज सेबीच्या माहितगार संरक्षण कार्यालयाकडे द्यायचा, आणि किमान १ कोटी रुपयांच्या वसुलीचा आदेश निघाला तर वसूल रकमेच्या १० टक्के, कमाल १० कोटींपर्यंत बक्षीस मिळू शकते. माहितगाराची ओळख गुप्त ठेवली जाते आणि नोकरीत त्याच्यावर सूड उगवायला नियमांनी मनाई केलेली आहे. अर्जात पानाचे स्क्रीनशॉट जोडून भागत नाही, कारण ते आधीच सार्वजनिक आहेत. माहिती कोणी, कोणाला, कधी आणि कशी दिली, ते तुमच्याजवळच्या मूळ माहितीतून लिहावे लागते.